दुखण्याची मधली चौकट

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

दवाखान्यातल्या माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तासभर डुलतो आहे आणि या अन्यायाची शासनदरबारी दखल नाही.

पुरे. घाबरलो आहे, म्हणून चावटपणा सुचतो. इथल्या दुखणं मोजायच्या कागदावरचे पाच शब्द, भाषेचा मास्तर म्हणून, मीच निवडले होते. मधल्या चौकटीत 'मध्यम' नको, आपलं 'चालून राहिलं' हवं, हा हट्टही माझाच. इथल्या सिस्टर तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सर, मरणाऱ्याले विचारा, तोही हेच म्हणते." मी त्यांना चारचौघांत हसलो होतो.

काल ताईचं ऑपरेशन झालं. तिनं दर वेळी मधल्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि कागद बघून डॉक्टर पुढे गेले. पोटात रक्त साचल्याचं आज दुपारी कळलं. पुन्हा ऑपरेशनला आत नेताना मी विचारलं, "ताई, लय दुखून राहिलं का?"

"नाई रे, चालून राहिलं."

ओठ पांढरे पडले होते. ती मधली चौकट! काहून सुचली मला?

आत्ता सिस्टर बाहेर आल्या. उठून म्हणालो, "तुमचं बरोबर होतं. तेव्हा हसलो, माफ करा." त्यांनी मान डोलावली आणि परत ताईकडे आत गेल्या.