गोगलगाय प्रत्येक डावात येते

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन मनातल्या मनात.) भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, औषध वेळेवर घ्या आणि डॉक्टरांना उलट शिकवू नका. तुझ्या प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या बाटल्या काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम, म्हणजे माझ्यावर रागावण्याइतकी उत्तम. बाइंडिंगच्या कारखान्यात काम भरपूर आहे. कोर्टाच्या जुन्या वह्या आल्यात, एक उघडली की तीन शिंका.

आता मुद्दा. (तू म्हणशील, इतक्या लवकर मुद्दा, म्हणजे हा नक्की काहीतरी लपवतोय. छे!) चित्रांच्या पत्त्यांचा आपला तो खेळ तू सोडलास, मी अजून खेळतो. तुला त्याचं हसू येतं हे मला ठाऊक आहे. चौकातल्या खेळण्यांच्या दुकानात दरवर्षी जोड्यांची स्पर्धा असते. सात वर्षं मी आणि शेजारचा चष्मेवाला जातो, आणि सात वर्षं पहिल्याच फेरीत गारद होऊन साडेअकराला घरी येतो. ही आता निकालसुद्धा विचारत नाही, सरळ भाजी निवडायला बसवते. ताई, मी पन्नाशीचा झालो. मला जिंकायचं नाही गं. एकदा, फक्त एकदा मला दुसऱ्या फेरीत बसायचंय.

दोष गड्डीचा होता. नियमाने गड्डीत निदान साठ पत्ते लागतात, माझ्या गड्डीत होते त्र्याण्णव. प्राणी मैदानात उतरवायचा तर आधी चाऱ्याचा पत्ता हातात हवा. माझ्या हातात कधी सात प्राणी, सगळे उपाशी, तर कधी सातही पत्ते चाऱ्याचे आणि खायला कोणी नाही. दुकानाची मालकीण (वयाने आपल्या निम्मी, बोलायला आत्याबाई) म्हणाली, "काका, गड्डी जरा भरवशाची करा. एकेकटे पत्ते काढून टाका, कामाचे तीन-तीन ठेवा." तिचं काय जातंय बोलायला! तेहेतीस जणांना घराबाहेर काढायला मला दोन आठवडे लागले. दोन डोक्यांचा साप तर मी काढला, परत घातला, परत काढला. शेवटी हिने तो उचलून रव्याच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, आता हात लावाल तर बघा.

तर साठ झाले. चारा चोवीस, वादळघोडे तीन, सगळं मोजूनमापून. जेवणाच्या सुट्टीत कटिंग मशीनवाल्याबरोबर वीस डाव खेळलो आणि प्रत्येक डाव वहीत टिपला. चारा वेळेवर यायला लागला, घोडे यायला लागले. पण ती गोगलगाय! आठवते ना? पत्त्यावर खाली एवढंच लिहिलंय, 'ही सावकाश येते.' बाकी तिला काही येत नाही. एकटी असूनही तिला काढायची माझी हिंमत झाली नव्हती. (का, ते पुढे बघू.) साठात एक, म्हणजे पहिल्या सात पत्त्यांत ती आठ-नऊ डावांतून एकदा यावी. वीस डावांत बाई चौदा वेळा आल्या! सावकाश कसली, शाळेची घंटा व्हायच्या आत हजर.

मी पत्ते पाच वेळा पिसले, दहा वेळा पिसले, मशीनवाल्याकडून पिसून घेतले. काही फरक नाही. शेवटी दुकानाच्या मालकिणीने गड्डी हातात घेतली आणि काटली. वर गोगलगाय. पुन्हा पिसून काटली. पुन्हा गोगलगाय. तिथल्या तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, दुरुस्त केलेलं पुस्तक टेबलावर टेकवलं की नेमकं दुरुस्त पानावरच उघडतं, हे मी अर्धं आयुष्य गिऱ्हाइकांना सांगत आलोय! आणि ती गोगलगाय आपण दोघांनी ओढाओढीत फाडली होती. मग मी, वय वर्षं दहा, तिला मागून जाड कागद लावला आणि खळीने चिकटवली. माझ्या हातची पहिली बांधणी. चाळीस वर्षांत कोपरासुद्धा सुटलेला नाही. (सगळे पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालतात. मी घालत नाही. कागदाला श्वास घेऊ द्यावा.) ती जाड आहे, त्यामुळे वाटण्याआधी गड्डी काटणाऱ्याचं बोट बरोबर तिच्यावरच अडतं आणि ती वर येते.

मालकीण म्हणाली, "काका, हा खुणेचा पत्ता झाला. गड्डीत ही असेल तर तुम्ही स्पर्धेत नाही." मी लबाड! मी म्हटलं, अहो, लबाडी करायची तर माणूस घोडा वर आणेल, गोगलगाय कशाला आणेल? तिलाही हसू फुटलं, पण नियम म्हणजे नियम.

काढली. तिच्या जागी चारा घातला. गड्डी आता सुरळीत चालते, रविवारी दुसरी फेरी कुठे गेली नाही. गोगलगाय या पत्रासोबत पाठवतो आहे, सांभाळून ठेव. भाऊजींना नमस्कार, पोरांना माझा दरारा.

तुझा,
चिकट्या

ता. क. : चष्मेवाल्याची पाठ धरली आहे, रविवारी त्याला जमणार नाही, हे लिहायचं राहिलं. विशेष काही नाही. जोड्यांच्या स्पर्धेला दोघं लागतात, इतकंच.

ता. क. २ : गोगलगाय नक्की कोणाची यावरून ती फाटली होती. आईने विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, माझी. सुट्टीभर तुझा खेळ बंद झाला आणि त्यानंतर तू पत्त्यांना हात लावला नाहीस. ताई, ती तुझी होती. मी ती तुझ्या कंपासपेटीतून उचलली होती. चिकटवली तीसुद्धा तुला परत द्यायला, पण द्यायला धीर झाला नाही. त्र्याण्णव पत्त्यांतही ती सारखी वर येत असणार. मी मोजत नव्हतो. मला लाज वाटते गं.

ता. क. ३ : पाकिटात गोगलगाय शोधू नकोस, मी घातलेली नाही. ज्याची वस्तू त्याच्या हातात द्यावी. रविवारी दहाला दुकान उघडतं. तुझी जुनी गड्डी माझ्याकडेच राहिली होती, ती मी साठाची करून ठेवली आहे. (तुझा एकही आवडता पत्ता काढलेला नाही, ते मला पाठ आहेत.) नोंदणीच्या कागदावर जोडीदार म्हणून तुझं नाव मी महिन्यापूर्वीच लिहून आलो. चष्मेवाल्याची पाठ ठणठणीत आहे.