पोचेस्तोवर झाडू न्हाई

प्रिय उज्वला,

हे पत्र डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी घातलंय. तुझ्या हाती आलं म्हणजे तुझी आई टोरांटोला धड पोचली आणि लाडू संपत आले. फोनवरच बोललो असतो, पण तुझी आई स्पीकर लावल्याशिवाय फोन घेत न्हाई, आणि मला सांगायचंय ते तिनं ऐकायचं न्हाई.

तुझ्या बाळंतपणाला तिला धाडायचं म्हणजे लई ताप झाला बघ. हैदराबाद ते टोरांटो जवळपास तेरा हजार किलोमीटर. मी समजावलं, नांदेडहून लातूरला नव्वदेक खेपा केल्यासारखं. तिनं कपाळाला हात लावला. एका खेपेत वाटेवरचं अहमदपूर आलं की तिला मळमळतं. आभाळात अहमदपूर कितीदा येतं ते जावईबापूंना विचारा म्हणाली. पण खरी धास्ती विमानाची न्हवतीच. माझी होती.

तू पहिल्यांदा गेलीस तवाचं तुला आम्ही सांगितलंच न्हाई. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेस्तोवर घर झाडायचं न्हाई, हा तुझ्या आईचा कायदा. तुझ्या तिकिटावर पहाटे चारला सुटणार, दुपारी चारला पोचणार असं छापलेलं. मी सरळ बारा तास धरले. तिकडचे चार आणि इकडचे चार वेगळे असतात हे कुणी सांगावं मला? चार वाजले की हुकूम सोडला, पोरगी पोचली, झाड आता. तिनं घर लख्ख केलं, केर उकिरड्यावर टाकला, आणि तेवढ्यात जावईबापूंचा फोन, अजून आठ तास हायत! मग काय विचारतीस. टोपली घेऊन धावली, केर वेचून आणला आणि घरभर परत पसरला. त्यात शेजारच्या केवळाबाईच्या कोंबडीची पिसं आणि कुणाची तरी एक चप्पल. त्या चपलेशेजारी बसून मी जेवलो बाई. तवापासून माझ्या हिशोबावर तिचा काडीचा भरोसा न्हाई.

म्हणून आता निघायलाच तयार न्हवती. माघारी तुम्ही मध्येच झाडाल, म्हणे. जन्मात कधी झाडू धरला न्हाई, तरी माझ्यावर हा आळ! शेवटी देवापुढं शपथ घेतली, तिचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय झाडणार न्हाई. तवा कुठं बॅग भरली.

आता ती फोन करील, पोचले, झाडा म्हणेल. मी हाव म्हणेन. पण पोरी, मी झाडणार न्हाई. तिचा मुक्काम हा हाय, तिथला न्हाई. ती ह्या उंबऱ्यात पाय ठेवील तवाच पोचली असं मी धरणार. आत्ता ती आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या घालून राहिली, आणि घर आत्तापासूनच खायला उठलंय. तिला ह्यातलं काही बोलू नको, न्हाईतर झाडायला म्हणून पुढच्या विमानानं माघारी येईल. बाळाचं निवांत होऊ दे, घाई करू नको. फक्त ती तिथून निघंल तवा पोचायची वेळ आपल्या घड्याळाची कळव. मला दारात उभं ऱ्हायचंय.

तुझाच,
अण्णा