दोर ओढणारं यंत्र बोलू लागलं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घातला आहे, चाचणीच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही, जिकडे तिकडे वायरी.) मामींचा खोकला कसा आहे? तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना चढवतो का? आम्ही इथे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही निवृत्त झालात आणि साहेबांच्या डोक्यात आलं, की लिफ्टच्या प्रत्येक पोलादी दोराचा तुकडा ओढून, तोडून बघणारं आपलं यंत्र कंप्युटरला जोडावं, म्हणजे आकडे हाताने वहीत उतरवायला नकोत. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. पहिला आठवडा यंत्र मूग गिळून बसलं. मी केबल बदलली, पोर्ट बदललं, खुर्चीसुद्धा बदलून पाहिली. शेवटी कळलं, केबलमध्ये बोलायची तार बोलायच्या तारेलाच जोडलेली. दोघंही बोलतायत आणि ऐकणारं कोणी नाही. (आपल्या घरी जेवताना असतं तसं.) तारांची अदलाबदल केली तर यंत्र बरळायला लागलं: चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एक टक्का. म्हणजे ते बोलतंय एका वेगाने, कंप्युटर ऐकतोय दुसऱ्याच. वेग जुळवण्यात आणखी चार दिवस गेले, कारण यंत्राचं माहितीपुस्तक तुम्ही टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवून गेला होतात. टेबल आता डुगडुगतं.

परवा दुपारी यंत्र एकदाचं स्वच्छ बोललं, आणि गप्प होतं तेच बरं होतं असं झालं. कोणत्या तारखेला किती दोर ओढले, याची पहिल्या दिवसापासूनची नोंद त्याच्या पोटात आहे. पडद्यावर ती कधी दिसत नाही, केबलमधून विचारलं तरच सांगतं. यंत्र म्हणतं, तीन हजार एकशे अठरा. तुमची वही म्हणते, नऊ हजार चारशे साठ. मी पुन्हा विचारलं. यंत्राला तुमच्या वयाचा मान ठेवता येत नाही, त्याने तेच सांगितलं. बाकीचे दोर तुम्ही नुसते बघून पास केलेत, मामा, आणि आकडे इतक्या सुरेख अक्षरात मांडलेत की सहा वर्षं मी न वाचता 'तपासले' म्हणून सही ठोकत आलो. ते दोर आज कुठेतरी माणसं वरखाली नेतायत.

साहेब म्हणाले, यंत्रच बिघडलंय असं लिहून सोमवारी सही कर, सगळेच सुटू. मी वही खोटी आहे असं लिहून सही करणार आहे. तुमचं नाव जाईल, पाठोपाठ माझं. ही नोकरी तुम्हीच लावून दिलीत, हे विसरलेलो नाही.

लोभ असावा असं म्हणायला तोंड नाही.

तुमचा भाचा

ता. क. : काही दिवशी वहीत दहा दोर आहेत आणि यंत्राचे तीनच. ते तीन कोणते, आठवेल तेवढं रविवारपर्यंत लिहून द्या. बाकीच्या लिफ्ट बंद करायच्या आहेत. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र शिपायाच्या हाती पाठवतोय.

ता. क. २ : गुडघ्यांची चौकशी उगाच केलेली नाही. तुमच्या इमारतीच्या लिफ्टचा दोरही वहीत आहे, शेरा 'उत्तम', अक्षर तुमचंच. त्या दिवशी यंत्र चालूच झालेलं नाही. लिफ्टला आजच कुलूप घालायला लावा. सातवा मजला आहे, मामींना धरून दमाने उतरवा. शिपायालाही जिन्यानेच परत पाठवा. (वर येतानाही जिन्यानेच ये म्हणून बजावलं आहे, पण तो ऐकेल तर शपथ.)