सासऱ्यांची तलवार नापास

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासऱ्यांची तलवार आज दुसऱ्यांदा नापास केली. नियम सगळ्यांना एकच. जुना नायलॉनचा मोजा पात्यावरून ओढायचा, धागा अडकला की तलवार बाद. यांच्या तलवारीनं तर मोजा उभाच चिरला! वर मलाच गरजले, "चिंध्या घेऊन इतिहास तपासतेस?"

रविवारी मैदानात जुनी लढाई उभी करायची आहे. सेनापती सासरे, त्यांच्यावर चालून जाणारा बंडखोर माझा नवरा. बापलेकाची झुंज बघायलाच लोक येतात. गेल्या वर्षी लढाईत सैनिक झालेल्या सुताराच्या अंगठ्याला पाच टाके पडले, तेव्हापासून हत्यारं तपासायचं काम माझ्या गळ्यात. नवऱ्याचे दोन्ही कान मला जागच्या जागी हवे आहेत.

६ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा नापास. घरी नेऊन बोथट करा म्हटलं, तर हा माणूस धारवाल्याकडून आणखी धार लावून आला! "तलवार अस्सल नसेल तर मी मैदानात उतरणार नाही!"

अस्सलपणाचा एवढा सोस, आणि चिलखताखाली गुडघ्याला इलॅस्टिकचा पट्टा! मी तसं बोलूनही दाखवलं. झालं — अबोला. जेवताना मीठ हवं होतं, ते नवऱ्यामार्फत मागवलं. मीही नवऱ्यामार्फतच पाठवलं.

७ फेब्रुवारी

सासरे फिरायला गेले, तेवढ्यात कानस काढली! तासभर घासघास घासलं. धार नाण्याच्या कडेएवढी जाड केली, टोक गोल केलं, वर पॉलिश पेपर मारला. आता दुरून कुणाच्या बापाला कळणार नाही. म्यानात घालून होती तशी खुंटीला लावली. उद्या सगळ्यांसमोर तपासणी. तोंड बघायचंय त्यांचं!

८ फेब्रुवारी

पास! मोजा अख्खाच्या अख्खा. मी मुठीला हिरवी फीत बांधली, म्हटलं, "लढा आता, सेनापती!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाटलं होतं, भडकतील, माझी खरडपट्टी काढतील. काहीच नाही. नुसते पात्यावरून बोट फिरवत बसले. संध्याकाळी ताट तसंच ठेवून उठले. जिंकले मी, पण मजा नाही आली. एवढं काय बिनसलं?

९ फेब्रुवारी, रविवार

लढाईआधी सासऱ्यांनी मला तंबूमागे गाठलं. "नापास कर."

मी हसले. त्यांनी उजवा हात पुढे केला. थरथर थांबेना. "चार महिने झाले. मूठ धरवत नाही. बोथट असली तरी लोखंडच ते, आणि समोर माझा पोरगा. त्याला कळू देऊ नकोस."

मी बाद करावी म्हणून धार लावून आणत होते! आणि मी शहाणी कानस घेऊन बसले.

शेवटची तपासणी सगळ्यांदेखत. मोज्यात नख अडकवून मीच तो टर्रकन फाडला. नापास! दुसरी तलवार द्यायला चौघे पुढे झाले. सासऱ्यांनी ती झिडकारली आणि मैदान दणाणून सोडलं — "माझी नाही, तर मी नाही! हिला इतिहासातलं काडीचं कळत नाही!"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. रडू आवरेना. बोलणी बसली म्हणून रडते, असंच सगळ्यांना वाटलं.