बादलीतल्या पाण्याची चव

येना, ऑगस्ट २००७

अहो,

जयभीम. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. पण काल एका पोरीनं अगदी तुमच्यासारखं केलं, आणि ते तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

आपल्या प्रशांतच्या बाल्कनीत मी बादलीत अळू लावलंय. गड्डा इथल्या एशियन दुकानातला! पानं कशी सुपाएवढी झालीत. काल वड्या केल्या, तुम्हाला आवडायच्या तशा, चिंच जरा जास्त. आपली नात एक खायची नि म्हणायची, "नॉख आइने, आजी!" म्हणजे अजून एक. मराठी सगळं कळतं तिला, बोलायचं मात्र इथलं जर्मन. असो, मी कुठे वाहवले!

तर प्रशांतच्या संस्थेत शिकणारी तेरेसा जेवायला आली होती. लांब समुद्रात किरिबाती म्हणून बेटांचा देश आहे, तिथली. वड्यांकडे बघेचना. थेट बाल्कनीत गेली, बादलीतल्या पाण्यात बोट बुडवलं नि जिभेला लावलं!

मी बघतच राहिले. उधाण येऊन गेलं की तुम्ही भातशेतात उतरून, खारं पाणी शिरलं का ते असंच चाखायचात ना? आणि मी बांधावरून ओरडायचे, "अहो, चिखल काय खाताय!"

प्रशांतला म्हटलं, विचार तिला, का चाखलं? तर म्हणे त्यांच्याकडे अळूसारखंच बाबाई असतं. खोल खड्डा खणून गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढवतात, लग्नकार्याला काढतात. तिच्या आईनं तिच्या लग्नासाठी एक राखलंय. पण समुद्र वर चढतोय, खड्ड्यातलं पाणी खारट झालंय, पानं पिवळी पडलीत. परदेशातला भाऊ आईला म्हणतो, माझ्याकडे राहायला ये. आई म्हणते, "तेरेसाचं लग्न होईपर्यंत मी हलत नाही."

मी लगेच माझं शहाणपण सांगितलं, "बांध घाला की! आमच्या ह्यांनी जन्मभर घातला."

तेरेसा हसली. "घातलाय, आजी. पण आमची जमीन पोवळ्याची, चाळणीसारखी. समुद्र खालून येतो."

खालून? असं कसं हो? बांधाचं एवढं शिकवलंत, पाणी खालून आलं तर काय करायचं ते नाही शिकवलंत!

प्रशांत सांगत होता, गाड्या-कारखान्यांच्या धुरानं जग तापतंय, बर्फ वितळतोय. मी विचारलं, "त्यांच्याकडे गाड्या पुष्कळ आहेत का रे?"

"नाही गं."

"मग खारं पाणी त्यांच्या खड्ड्यात का?"

"गेनाऊ, आई," म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर.

मग तेरेसानं वड्या खाल्ल्या. सगळं ताट पुसून! जाताना विचारते कशी, "आजी, थंडीत हे मरेल?"

नाही मरू देणार. बर्फ पडला की बादली न्हाणीघरात घेईन. माझा व्हिसा संपला की नात बघेल, तिला शिकवतेय. तिकडचं बाबाई वाचलं तर सोन्याहून पिवळं! नाहीच वाचलं, तर तेरेसाच्या लग्नाच्या पंगतीला माझ्या बादलीतला गड्डा असेल, हा शब्द देते तुम्हाला.

आज सकाळी मीही बोट बुडवून चाखलं. गोड आहे. रोज चाखीन. आता तुम्ही ओरडा हवं तर!

तुमचीच,
शेवंता