सशाच्या डोळ्यातलं पाणी

बांडुंग,
९ सप्टेंबर १९७१

आदरणीय गुरुवर्य पाक रुहियात यांना सलाम.

तुम्ही आणि तुमच्या घरच्या इबू बरे असाल. गारुतच्या घरामागच्या तळ्यातले मासे आता केळीच्या पानात गुंडाळून शिजवण्याएवढे झाले असतील. इथे प्रयोगशाळेवर नवी कौलं बसली. ससे सांभाळणारे आपले मांग ओदी अजून त्यांना रताळ्याचा पाला घालतात आणि अजूनही कुणाचं ऐकत नाहीत.

दोन वर्षांनी आज पत्र कशाला, असं वाटेल. कामाचंच आहे.

मे महिन्यात एका सकाळी मी चार सशांच्या डोळ्यांतलं पाणी नेहमीसारखं सुईने काढलं आणि वर्गावर गेले. मधल्या वेळात मदतनिसाने त्यांना एक्स-रे द्यायचा होता. दुपारी येऊन त्याच डोळ्यांतलं पुन्हा पाणी काढलं. त्यात प्रथिनं इतकी वाढलेली, की ते नळीत गोठायलाच लागलं. मी खूश!

"बघा मांग ओदी, किरणांनी काय केलं!"

पिंजरा पुसता पुसता ते म्हणाले, "कसले किरण? मशीन सकाळपासून बंद आहे. ससे इथंच पाला खात बसले होते."

"मग हे कशानं झालं?"

"मला काय विचारता, बाई? सकाळी सुई तुम्हीच टोचलीत."

म्हणजे प्रथिनं वाढवली होती ती माझ्या पहिल्या सुईने.

नंतर चोवीस ससे घेतले. प्रत्येक डोळ्याला सुई एकदाच. निम्म्यांना किरणांची कमी मात्रा दिली, जिने काहीच होत नाही असं तुम्ही म्हणायचात; निम्म्यांना काहीच नाही. दोन्हींचं पाणी सारखंच नितळ निघालं. आणखी काही सशांना जास्त मात्रा दिली, तेव्हा प्रथिनं वाढली, पण मी छापलं होतं त्याच्या पावपट. तुमचं म्हणणं बरोबर होतं, माझा दोन वर्षांपूर्वीचा शोधनिबंध चुकीचा.

पाक, तो निबंध मी वाचला त्या सभेत तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "एन्तिन, एका डोळ्याला एकदाच टोच." आणि मी भरल्या सभागृहात म्हटलं, "तुमचा हात थरथरतो, म्हणून तुम्ही एकदाच टोचता." सगळे हसले. त्याच सत्राअखेर तुम्ही नोकरी सोडलीत. प्रकृतीचं कारण आहे, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. तसं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

निबंध मागे घेतल्याचं पत्र मी मासिकाला पाठवलं आहे. विभागप्रमुख म्हणाले, "बढती तोंडावर आलीय, कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, "थांबली तर थांबू दे. या वेळचे आकडे पक्के आहेत."

नवा निबंध सोबत जोडला आहे. लाल पेनाने हवं तेवढं खोडा, तरी तो टिकेल याची मला खात्री आहे. त्यावर तुमचं नाव पहिलं घातलंय. ते राहू द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. उत्तर पोस्टाने पाठवू नका. रविवारी सकाळच्या बसने मी गारुतला येते आहे. दार उघडलं नाहीत, तर ओट्यावर बसून राहीन.

अजून तुमचीच विद्यार्थिनी म्हणवून घेणारी,
एन्तिन