एक अक्षर जास्त

सर, "एक अक्षर जास्त कापलंस की गं, आता पुढचं सगळं चुकणार," हे तुमचं वाक्य आज मी पाथरीच्या माझ्या वर्गात एका मुलीला जसंच्या तसं ऐकवलं. तुमचीच रीत अजून चालवते आहे. कागदाच्या लांब पट्टीवर आरएनएची अक्षरं, त्यात इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे मधले तुकडे, तेवढे लाल शाईने. लाल भाग कात्रीने काढायचे, काळे तुकडे डिंकाने जोडायचे, आणि मग पेशीतला रायबोसोम वाचतो तशी तीन-तीन अक्षरं वाचत प्रत्येक तिकडीला एक मणी ओवायचा. ती माळ म्हणजे प्रथिन. बारावीत मी लालसोबत एक काळं अक्षरही कापलं होतं. जोडाच्या पुढची प्रत्येक तिकडी एका घराने सरकली आणि माळेत भलतेच मणी आले. "वाचणारा काय करणार बिचारा," तुम्ही हसलात, "हातात दिलंय तेच वाचतोय."

त्याच उन्हाळ्यात तुम्ही एसटीने पालमला आमच्या घरी आलात. मी दाराआड उभी आहे. माझे वडील, आमचे दादा, म्हणतायत, "सर, पोरीचं काय करायचं ते आमी बघतो. आमाला नका शिकवू." तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवता. "शिकवायची सवयच हाय हो, काय करता! आन् पोरगी लय हुशार हाय तुमची." ऊन उतरेपर्यंत तुम्ही उठला नाहीत. शेवटी दादांनीच जुळत आलेली सोयरीक थांबवली. निघताना तुम्ही मला हळूच म्हणालात, "हे कुठं बोलायचं नाही. दादांनी शिकवलं म्हणायचं."

मी तसंच म्हणत आले. नोकरी लागल्यावर कॉलेजात सत्कार झाला, तेव्हाही. दादा पहिल्या रांगेत होते, तुम्ही मागे खांबाजवळ, आणि टाळ्या सगळ्यांत जोरात तुमच्याच. पुढच्या वर्षी तुम्ही वारल्याचं कळलं. त्याला आता वीस वर्षं होतील. ती दुपार कापल्यापासून माझ्याविषयी लोक जे वाचतात, त्यातली मुलगी मलाच ओळखू येत नाही.

आता कॉलेजच्या स्मरणिकेसाठी लेख मागितलाय. दादा ऐंशीचे झालेत; माझं छापलेलं सगळं भिंग लावून वाचतात, शेजाऱ्यांना दाखवतात. दोन लेख लिहून ठेवलेत. एकात ती दुपार आहे, दुसऱ्यात नाही. हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही आमच्या घरापर्यंत आलात, तुमचं घर कुठे आहे हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

सर, तेवढी दुपार परत जोडू द्या. तुम्ही नाहीच म्हणाल, माहीत आहे. तरी विचारते.